पाइपच्या भिंतीची जाडी: कच्च्या ए-स्कॅनमधून भरवशाचा आकडा कसा काढायचा

आठ इंची, शेड्यूल ४० च्या (भिंतीच्या जाडीचा एक प्रमाणित वर्ग) पाइपची नाममात्र भिंत ८.१८ मिमी. रंगावरूनच अल्ट्रासॉनिक जाडीमापकाचा साधा ड्युअल प्रोब (ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा असे दोन भाग असलेला) टेकवला की मीटर ८.८० दाखवतो. पाइप काही वयाबरोबर जाड होत नाही. रंगाचा थर ०.२५ मिमीचा आहे, त्यातून ध्वनी सेकंदाला साधारण २,४०० मीटर वेगाने जातो, आणि मीटर सगळाच वेळ पोलादाच्या ५,९२० ने गुणतो. ०.२५ × ५,९२० ÷ २,४०० म्हणजे ०.६२ मिमी. आता हीच भिंत आतून अर्धा मिमी खाल्लेली असती, तरी मीटरने ८.३० दाखवून नाममात्र जाडीपेक्षा जास्तच भिंत आहे असं सांगितलं असतं.

मीटर हा आकडा परत आलेल्या प्रतिध्वनींच्या (इकोंच्या) ज्या लहरीवरून काढतो ती, म्हणजे ए-स्कॅन, हातात असेल तर असे घोटाळे उघडे पडतात. म्हणून खाली लहर साठवण्यापासून जाडीपर्यंतची पूर्ण पद्धत दिली आहे. आकडे सगळे याच ८.१८ मिमीच्या कार्बन स्टील पाइपचे आहेत. हिशेब पायथनमध्ये सायपाय ही लायब्ररी वापरून होतो, ऑक्टेव्हमध्येही होतो.

लहर घेताना

प्रोब ५ मेगाहर्ट्झचा, ६ मिमी व्यासाचा, ब्रॉडबँड, पुढे १२ मिमी लांबीची पॉलिस्टायरीनची डिले लाइन (प्रोब आणि पाइप यांच्यामधला प्लॅस्टिकचा ठोकळा) लावलेला. डिले लाइनची लांबी अंदाजाने निवडू नका. पॉलिस्टायरीनमध्ये वेग साधारण २,३४० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे १२ मिमीची जा-ये १०.३ मायक्रोसेकंदांची. डिले लाइनच्या टोकावरून येणाऱ्या इंटरफेस इकोनंतर तेवढ्या वेळाने प्लॅस्टिकचाच दुसरा इको येतो आणि त्यापुढचं सगळं गढूळ होतं. आपल्या भिंतीची जा-ये २ × ८.१८ ÷ ५.९२ = २.७६ मायक्रोसेकंद. म्हणजे पहिला, दुसरा आणि तिसरा बॅकवॉल इको, म्हणजे भिंतीच्या आतल्या बाजूवरून परतणारे इको (पुढे बी-१, बी-२, बी-३) त्या आधी आरामात बसतात. भिंत १६ मिमीची असती तर फक्त बी-१ बसला असता आणि लांब डिले लाइन घ्यावी लागली असती.

डिजिटायझर (लहरीचे आकडे करणारं यंत्र) १०० मेगाहर्ट्झचा, १२ किंवा १४ बिटचा. एक सॅम्पल म्हणजे १० नॅनोसेकंद, पोलादात ०.०३ मिमी. लहर आरएफ स्वरूपात, म्हणजे वरची-खालची दोन्ही बाजू असलेली घ्या, रेक्टिफाय केलेली नको. एकदा खालची बाजू वर दुमडली की फेज गेली, आणि पुढचं निम्मं काम फेजवरच चालतं.

गेन असा ठेवा की सर्वांत उंच इको फुल स्केलच्या ६० ते ८० टक्क्यांत राहील. बी-३ नीट दिसावा म्हणून गेन वाढवत नेला की इंटरफेस इको आणि बी-१ यांचे शेंडे कापले जातात. कापलेला शेंडा कोणताही फिल्टर परत आणत नाही. उलट त्या सपाट माथ्यातून नसलेल्या फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि कोरिलेशनचं (दोन इको किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याचं) शिखर सरकतं. बी-३ लहान राहिला तर राहू द्या, १४ बिटमध्ये तो पुरेसा पकडला जातो.

ॲव्हरेजिंग, म्हणजे एकाच जागी घेतलेल्या लहरींची सरासरी, ३२ ची पुरे. गोंगाट √३२ म्हणजे साडेपाच पटींनी खाली जातो, डीबीत १५. २५६ पर्यंत गेलात तर आणखी ९ डीबी मिळतात, पण तोवर हात हलतो, कपलंट (प्रोबखालचा जेल) पातळ होतो आणि मिळवलेलं निघून जातं. शिवाय ॲव्हरेजिंगने फक्त इलेक्ट्रॉनिक गोंगाट कमी होतो. धातूच्या कणांवरून विखुरलेला ध्वनी दर पल्सला अगदी तसाच परत येतो. हजार वेळा सरासरी घ्या, तो हजार वेळा तिथेच असतो. ऑस्टेनिटिक स्टेनलेस किंवा वेल्डच्या पट्ट्यात हा त्रास मुख्य. तिथे फ्रिक्वेन्सी २.२५ मेगाहर्ट्झवर आणा, किंवा प्रोब १-२ मिमी सरकवून पाच-सहा लहरी घ्या आणि त्यांच्या एन्व्हलपची (लहरीच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या बाह्यरेषेची) सरासरी काढा.

पल्स रिपिटिशन (सेकंदाला किती पल्स सोडायचे) ५०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. फार वाढवलं तर मागच्या पल्सचे उरलेले इको पुढच्या खिडकीत घुसतात, आणि ॲव्हरेजिंगमुळे ते छान स्वच्छ, स्थिर दिसतात. शंका आली तर दर ५०० चा ४३० करून पाहा. खरा इको जागचा हलत नाही, भूत हलतं.

इंटरफेस इकोच्या १ मायक्रोसेकंद आधीपासून १२ मायक्रोसेकंदांनंतरपर्यंत, म्हणजे १,३०० सॅम्पल साठवा. फाइलमध्येच जागेचा क्रमांक, प्रोब, गेन, सॅम्पलिंग, पृष्ठभागाचं तापमान आणि रंग आहे की नाही हे लिहा. फक्त जाडी लिहून लहर टाकून देणं म्हणजे एक्स-रे फेकून रिपोर्ट जपण्यासारखं.

साफसफाई

आधी डीसी काढा. इंटरफेस इकोच्या आधीच्या शंभर सॅम्पलांचा मध्यक घ्या आणि पूर्ण लहरीतून वजा करा.

मग बँडपास, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सींचाच पट्टा पुढे सोडणारा फिल्टर. बटरवर्थ, चौथ्या क्रमाचा, २ ते ९ मेगाहर्ट्झ. १०० मेगाहर्ट्झ सॅम्पलिंगला नायक्विस्ट (सॅम्पलिंगच्या निम्मी फ्रिक्वेन्सी) ५०, म्हणून प्रमाण ०.०४ आणि ०.१८. फिल्टर सेकंड-ऑर्डर सेक्शनच्या रूपात तयार करा आणि पुढून-मागून दोनदा चालवा (सायपायमधलं सॉसफिल्टफिल्ट), म्हणजे फेज सरकत नाही.

प्रोब ५ चा आहे म्हणून ४.५ ते ५.५ असा अरुंद फिल्टर लावायचा मोह होतो, कारण पडद्यावर लहर एकदम गुळगुळीत दिसते. पण १ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून जाणारा पल्स सुमारे १ मायक्रोसेकंद लांब होतो, पोलादात जवळजवळ ३ मिमी. दोन इको एकमेकांत मिसळतात. आणि पुढून-मागून चालवलेला फिल्टर शिखराच्या आधीही लहरी उठवतो. खड्ड्याचा लवकर येणारा इको शोधताना नेमक्या याच लहरी खड्डा म्हणून पकडल्या जातात. फिल्टर रुंदच ठेवा. थोडा गोंगाट परवडतो.

इको ओळखणे

हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म घ्या. त्याच्या निरपेक्ष मूल्यातून एन्व्हलप मिळतो. गोंगाटाची पातळी साध्या स्टँडर्ड डेव्हिएशनने काढू नका, कारण एखादा छोटा इको खिडकीत आला की ती फुगते. फिल्टर केलेल्या आरएफ लहरीतला इंटरफेसची शेपटी विझल्यानंतर बी-१ येण्यापूर्वीचा तुकडा घ्या. त्याचं मीडियन ॲब्सोल्यूट डेव्हिएशन काढा, १.४८२६ ने गुणा. हा झाला सिग्मा. जो एन्व्हलप ५ सिग्माच्या वर जाईल तोच इको.

चार का नको? गोंगाटाचा एन्व्हलप ४ सिग्मा ओलांडण्याची शक्यता दर स्वतंत्र बिंदूला १०,००० मध्ये ३. आपल्या खिडकीत असे नव्वदेक बिंदू आहेत, म्हणजे शंभरातल्या तीन लहरींत एक खोटा इको. पन्नास जागा मोजायच्या तर चालून जाईल. पाइपवर स्कॅनर फिरवून वीस हजार लहरी घेतल्या असतील तर सहाशे खोटे इको हातात येतील. ५ सिग्माला ही शक्यता दर बिंदूला दहा लाखांत चार इतकी खाली येते.

इंटरफेस इको आणि बॅकवॉल इको उलट्या ध्रुवतेचे असतात हे इथेच लक्षात घ्या. प्लॅस्टिककडून पोलादावर आपटताना ध्वनी कमी ध्वनिरोधाकडून जास्तीकडे जातो, तर मागच्या भिंतीवर पोलादाकडून हवेवर आपटतो. म्हणून बी-१ उलटा. बी-२ मात्र बी-१ सारखाच, कारण मधल्या फेरीत तो पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही भिंतींवर एकेकदा उलटतो. इंटरफेस आणि बी-१ यांचं कोरिलेशन घ्यायचं असेल तर एक चिन्ह फिरवा. नाही फिरवलं तर शिखर अर्ध्या सायकलने बाजूला पडतं: १०० नॅनोसेकंद, ०.३० मिमी.

जाडी काढणे

मोजायचं ते बी-१ ते बी-२. रंगातून दोघेही सारखेच गेले, त्यामुळे रंगाचा वेळ वजाबाकीत निघून जातो. ट्रिगरचं थरथरणंही निघून जातं, कारण दोन्ही इको एकाच लहरीत आहेत. इंटरफेस इकोवर शून्य धरू नका. प्लॅस्टिक आणि रंग यांचा ध्वनिरोध बराच जवळचा असल्याने रंगवलेल्या पाइपवर त्या इकोचा मोठा भाग रंग-पोलाद सीमेवरून येतो, थोडा रंगाच्या वरच्या बाजूवरून, आणि दोन्ही मिळून आकार विस्कटतो.

बी-१ च्या शिखराभोवती ०.५ मायक्रोसेकंदाचा, म्हणजे ५० सॅम्पलांचा तुकडा कापा. कडा हळूहळू शून्यावर आणा, नाहीतर कापलेली कडच इकोसारखी वागते. हा साचा पुढे सरकवत नॉर्मलाइज्ड क्रॉस-कोरिलेशन काढा. शिखराचं सॅम्पल मिळालं की शेजारचे दोन घेऊन पॅराबोला बसवा:

सरक = (मागचं − पुढचं) ÷ [२ × (मागचं − २ × मधलं + पुढचं)]

समजा २७५, २७६ आणि २७७ या सरकांना कोरिलेशन ०.९०२, ०.९७६, ०.९५५ आलं. वर −०.०५३, खाली २ × (−०.०९५) = −०.१९०. सरक ०.२८. उशीर २७६.२८ सॅम्पल, म्हणजे २.७६२८ मायक्रोसेकंद. जाडी = ५.९२ × २.७६२८ ÷ २ = ८.१७८ मिमी. पॅराबोला न बसवता नुसतं २७६ घेतलं असतं तर ८.१७० आलं असतं.

आठ मायक्रॉनचा फरक. हे मुद्दाम दाखवलं, कारण बरेच जण या इंटरपोलेशनवरच आठवडा घालवतात. शेजारच्या सायकलवर उडी पडली तर चूक २०० नॅनोसेकंदांची, ०.५९ मिमीची असते. सत्तर पट मोठी. मेहनत तिथे घ्या.

उडी पकडण्याच्या तपासण्या

पहिली: एन्व्हलपच्या शिखरांमधला उशीर आणि कोरिलेशनचा उशीर शेजारी ठेवा. एन्व्हलप ढोबळ असतो पण सायकल चुकत नाही, कोरिलेशन बारीक असतं पण सायकल चुकू शकतं. दोघांत १०० नॅनोसेकंदांहून जास्त फरक असेल तर ती लहर बाजूला काढून डोळ्याने बघा.

दुसरी: कोरिलेशनचं दुसरं सर्वांत उंच शिखर पहिल्याच्या ९० टक्क्यांहून उंच असेल तर निकाल संशयास्पद धरा. प्रोबचा बँड अरुंद झाला असेल किंवा डिले लाइन नीट घट्ट बसली नसेल तर इको लांबतो आणि सगळीच शिखरं एका उंचीची होतात. डिले लाइन काढून मधला कपलंट पुसा, नवा थेंब घाला, बुडबुडा राहू देऊ नका. निम्म्या वेळा आजार इथेच असतो.

तिसरी: बी-२ ते बी-३ पुन्हा मोजा. २० नॅनोसेकंदांच्या आत जुळायला हवं, म्हणजे ०.०६ मिमी. वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त विझत असल्याने बी-३ थोडा बोथट असतो, काही नॅनोसेकंद इकडेतिकडे चालतात.

चौथी तपासणी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सर्वांत जास्त वगळली जाते: इंटरफेस ते बी-१ चा वेळ बी-१ ते बी-२ एवढाच हवा. रंगामुळे ०.२ ते ०.३ मायक्रोसेकंदांची सूट द्या, त्याहून जास्त नाही. कारण असं. कोरिलेशनचा शोध सहसा एका मर्यादेपुढून सुरू केला जातो, समजा १ मायक्रोसेकंदापासून, कारण '३ मिमीच्या खाली भिंत कुठे असणार?' भिंत खरोखर २.५ मिमी उरली असेल तर इको दर ०.८४५ मायक्रोसेकंदाला येतात. पहिला उशीर मर्यादेच्या आत बुडतो, आणि कोरिलेशन बी-१ ते बी-३ पकडून १.६९ मायक्रोसेकंद, म्हणजे ५.० मिमी सांगतं. शिखर उंच, गोंगाट नाही, दुसरी आणि तिसरी तपासणीही पास. आणि पाइप गळायच्या बेतात. म्हणून शोध ०.४५ मायक्रोसेकंदापासून सुरू करा (१.३ मिमी), आणि मिळालेल्या उशिराच्या निम्म्यावर ५ सिग्मावरचा इको आहे का तेही बघा. १.५ मिमीच्या आसपास ५ मेगाहर्ट्झचे इको एकमेकांना चिकटतात, तिथे १० मेगाहर्ट्झचा प्रोब घ्या.

हे सगळं पाइपवर जाण्याआधी बनावट लहरीवर चालवून बघा. ५ मेगाहर्ट्झची गॉसियन पल्स, तिच्या प्रती माहीत असलेल्या उशिरांवर, दर प्रत आधीच्या ६० टक्के उंचीची, वर थोडा यादृच्छिक गोंगाट. जाडी १२ मिमीपासून १ मिमीपर्यंत ०.१ च्या पायऱ्यांनी उतरवा. जिथे आलेख सरळ रेषा सोडून वर उडी मारतो, तिथे आपली स्क्रिप्ट खोटं बोलू लागते.

खड्डे असतील तेव्हा

आतली बाजू खडबडीत असली की बी-२ दबतो किंवा नाहीसाच होतो. मग नाइलाजाने इंटरफेस ते बी-१ मोजायचं, चिन्ह फिरवून, आणि त्या जागेचा रंग खरवडून. अशा जागांची नोंद वेगळ्या खुणेने करा. दोन पद्धतींचे आकडे एका रकान्यात मिसळले की वर्षभराने कुणालाच काही कळत नाही.

खड्डा बीमपेक्षा लहान असेल तर बी-१ ला दोन शेंडे येतात: खड्ड्याच्या तळाचा लवकर आणि लहान, आजूबाजूच्या भिंतीचा उशिरा आणि मोठा. साधं सॉफ्टवेअर मोठा धरतं. इथे उंची विसरा, ५ सिग्मावरचा सर्वांत पहिला शेंडा धरा. प्रोब २ मिमी सरकवा. शेंडा वेळेत सरकला तर खड्डा, कारण तळाचा उतार बदलतो. न सरकता जागीच राहून एकाएकी संपला, आणि तोही भिंतीच्या मध्यावर असला, तर प्लेट लाटताना राहिलेलं लॅमिनेशन (धातूच्या आतला सुटा पदर) असण्याची शक्यता मोठी. ते ४ मिमी दाखवतं म्हणून पाइप कापायला सांगू नका, शेजारून ४५ अंशांत तिरक्या सोडलेल्या शिअर वेव्हने (आडव्या कंपनाच्या ध्वनिलहरीने) मागची भिंत दिसते का बघा.

स्कॅनरने २ मिमी जाळीवर जाडीचा नकाशा केला असेल तर त्यावर ३ × ३ चा मीडियन फिल्टर लावू नका. नकाशा देखणा होतो, कारण एकेकटे 'खराब' बिंदू जातात. एका बिंदूएवढे खड्डेही त्यातच जातात. फिल्टरने खटकलेले बिंदू पुसण्याऐवजी त्यांची यादी करा आणि त्यांच्या लहरी उघडा.

वेग आणि ऊन

बी-१ ते बी-२ पद्धतीला शून्य लावायची गरज नाही, फक्त वेग हवा. पाइपच्याच ग्रेडचा, मायक्रोमीटरने १०.०० मिमी मोजलेला तुकडा घ्या. उशीर ३.३७८ मायक्रोसेकंद आला तर वेग ५,९२१.

पोलादात दर ५५ अंश सेल्सिअसला वेग साधारण १ टक्का घटतो, तेवढीच जाडी जास्त दिसते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी उघड्यावरच्या काळ्या पाइपचा पृष्ठभाग ६० च्या आसपास सहज जातो, आणि कॅलिब्रेशन ब्लॉक गाडीच्या सावलीत ३० वर असतो. ३० अंशांचा फरक म्हणजे ०.५५ टक्के, ८.१८ मिमीवर ०.०४५. छोटा वाटतो, पण मागचं मोजमाप जानेवारीतलं असेल तर वर्षाच्या गंजाची निम्मी-पाऊण झीज यात लपू शकते. ब्लॉक पाइपवर ठेवून तापू द्या आणि मगच वेग घ्या, किंवा सकाळी मोजा. २०० अंशांच्या प्रोसेस लाइनवर चूक पाव मिमी होते, आणि पॉलिस्टायरीनची डिले लाइन त्याआधीच मऊ पडते. तिथे उच्च तापमानाची डिले लाइनच लागते.

झीज काढण्याआधी

एपीआय ५७० (पाइप तपासणीची अमेरिकन संहिता) प्रमाणे उरलेलं आयुष्य म्हणजे प्रत्यक्ष जाडीतून आवश्यक जाडी वजा करून झिजेच्या दराने भागणं. समजा चार वर्षांपूर्वी ८.१८, आज ७.६०, आवश्यक ४.५. दर वर्षाला ०.१४५ मिमी, उरलेलं आयुष्य २१ वर्षं. गणित बरोबर आहे. पण ०.५८ हा फरक बघा: ५ मेगाहर्ट्झच्या एका सायकलला म्हणजे ०.५९ ला तो जवळजवळ चिकटलेला आहे. दोन मोजमापांतला फरक ०.५९ च्या आसपास, त्याच्या दुपटीला किंवा निम्म्याला येतो तेव्हा गंजाआधी सायकलवर संशय घ्या. उलटंही होतं. भिंत खरी ७.६० वर आलेली असते, उडी पडून ८.१९ वाचली जाते, आणि झीज शून्य म्हणून नोंद होते.

जुना आकडा नसेल तर नाममात्र जाडीपासून झीज मोजू नका. एएसटीएम ए १०६ (कार्बन स्टील पाइपचं एक प्रमाण) च्या पाइपला साडेबारा टक्के कमी चालतात, म्हणजे ८.१८ चा पाइप नवा असतानाच ७.१६ असू शकतो. जुनी लहर असेल तर तिचा जुना निकाल उचलू नका. तीच फाइल आजच्या स्क्रिप्टमधून, त्याच फिल्टरने, त्याच साच्याच्या लांबीने पुन्हा चालवा, दोन्ही लहरी बी-१ वर जुळवून एकावर एक टाका, आणि बी-२ ची कोणती सायकल कुणाखाली येते ते पाहून मगच दराच्या रकान्यात आकडा भरा.